पंधरा मिनिटांची भेट

शनिवार, ११ मे १९३५. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं ॲक्रन शहर. गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच अशा टायर कंपन्यांमुळे त्या काळी हे शहर जगाची रबरनगरी म्हणून ओळखलं जाई. तिथल्या मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत एकोणचाळीस वर्षांचा एक उंच, हडकुळा माणूस अस्वस्थपणे येरझारा घालत होता.

तो न्यूयॉर्कहून धंद्याच्या कामासाठी आला होता. रबराची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीचा ताबा मिळवायचा, त्यासाठी भागधारकांची मतं जमवायची, असा बेत होता. डाव जिंकला असता, तर त्याचा मोडलेला संसार पुन्हा उभा राहिला असता. पण डाव फसला. बरोबरची मंडळी परत गेली आणि हा एकटा मागे राहिला. खिशात जेमतेम दहा डॉलर, हॉटेलचे पैसे द्यायचे बाकी, गावात ओळखीचं कोणी नाही. लॉबीच्या एका बाजूला बार होता. शनिवारची संध्याकाळ असल्यामुळे तिथून हसण्याबोलण्याचे आवाज येत होते. दुसऱ्या बाजूला टेलिफोन होता आणि गावातल्या चर्चची यादी होती.

बार की टेलिफोन? दुसऱ्या कोणासाठी हा प्रश्न क्षुल्लक होता. या माणसासाठी तो जगण्यामरण्याचा होता. कारण सतरा वर्षं बेफाम पिऊन झाल्यावर गेल्या पाच महिन्यांत त्याने दारूला स्पर्श केला नव्हता. आता एक ग्लास घेतला, तर दुसरा थांबवता येणार नाही, हे तो पुरतं जाणून होता.

तो टेलिफोनकडे वळला. त्या एका वळण्यातून दुसऱ्या दिवशी एक भेट घडली. त्या भेटीतून जी मैत्री जुळली, तिचं ऋण आज जगभरातली लाखो कुटुंबं मानतात. ही गोष्ट त्या मैत्रीची आहे.

चाळिशीनंतर नवा मित्र मिळत नाही, असं आपण म्हणतो. ऑफिसातले सहकारी मिळतात, सोसायटीतले शेजारी मिळतात, गाडीतले पत्त्यांचे भिडू मिळतात. "काय, कसं काय?" "मजेत!" एवढ्यावर संवाद संपतो. ज्याच्यापाशी "मजेत नाही रे, सगळं विस्कटलंय" असं म्हणता येईल, असा माणूस त्या वयात नव्याने भेटणं कठीणच. हे दोघं भेटले, त्याला कारणही तसंच विलक्षण होतं.

हॉटेलातल्या माणसाचं नाव बिल विल्सन. व्हरमाँट राज्यातल्या ईस्ट डॉर्सेट या लहानशा गावात १८९५ साली त्याचा जन्म झाला. आईवडील विभक्त झाले आणि पोर आजोळी वाढलं. शाळेत असताना ज्या मुलीवर जीव जडला, ती एका शस्त्रक्रियेनंतर अचानक गेली. पहिल्या महायुद्धाच्या वेळी तो लष्करात अधिकारी झाला आणि तिथल्या मेजवान्यांत पहिल्यांदा त्याच्या हाती ग्लास आला. बुजरा, स्वतःला सतत कमी लेखणारा मुलगा. त्याला वाटलं, आता कुठे आपण चारचौघांत मोकळे झालो!

युद्धानंतर तो शेअरबाजारात शिरला. डोकं तल्लख होतं. १९२५ साली बायकोला, लोइसला, साइडकारमध्ये बसवून तो मोटारसायकलवरून गावोगाव हिंडला. लोक ज्या कंपन्यांचे शेअर नुसत्या ऐकीव बातम्यांवर घेत, त्या कंपन्यांचा कारभार प्रत्यक्ष पाहायचा, आतली माहिती काढायची आणि ती वॉल स्ट्रीटवरच्या दलालांना पुरवायची, असा हा उद्योग. पैसा आला. त्याबरोबर पिणंही वाढलं. ऑक्टोबर १९२९मध्ये बाजार कोसळला. पैसा गेला, पिणं तेवढं राहिलं.

नवराबायको ब्रुकलिनमध्ये लोइसच्या वडिलांच्या घरात राहायला आले. लोइस एका मोठ्या दुकानात नोकरी करून घर चालवू लागली. मूल होण्याची आशा केव्हाच मावळली होती. बिल तिच्या पर्समधून पैसे चोरू लागला. पुन्हा पिणार नाही, अशी शपथ त्याने घरातल्या बायबलवर लिहून दिली. एकदा नव्हे, अनेकदा. प्रत्येक शपथ खरी होती आणि प्रत्येक शपथ मोडली. ज्यांच्या घरात असं माणूस आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

१९३३-३४मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलमध्ये त्याला चार वेळा दाखल करावं लागलं. तिथले डॉ. विल्यम सिल्कवर्थ हे दारुड्यांकडे माणूस म्हणून पाहणाऱ्या मोजक्या डॉक्टरांपैकी. त्यांचं म्हणणं असं, की हा स्वभावदोष नाही, आजार आहे. अशा माणसाच्या शरीराला दारूचं जणू वावडं असतं, म्हणून एका घोटानंतर त्याला थांबता येत नाही. आणि मनाला तिचा ध्यास असतो, म्हणून तो पहिला घोट चुकवता येत नाही. डिसेंबर १९३४मध्ये बिल चौथ्यांदा तिथं होता. त्याआधी काही दिवस त्याचा एक जुना पिणारा दोस्त घरी येऊन गेला होता. तो चक्क शुद्धीत होता. ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती मंडळात जाऊन त्याने पिणं सोडलं होतं. हॉस्पिटलच्या खाटेवर हताश होऊन बिलनेही देवाचा धावा केला आणि खोली प्रकाशाने भरून गेल्याचा अनुभव त्याला आला. आपल्याला वेड तर लागलं नाही ना, असं त्याने घाबरून डॉ. सिल्कवर्थना विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं, जे काही झालं असेल ते घट्ट धरून ठेव. त्या दिवसानंतर बिल कधीच प्यायला नाही.

मग त्याने इतरांना सुधारण्याचा सपाटा लावला. दारुड्यांना गाठायचं, घरी आणायचं, खाऊपिऊ घालायचं आणि आपल्या साक्षात्काराची कथा ऐकवायची. पाच महिन्यांत एकही माणूस सुधारला नाही. बिल खट्टू झाला. तेव्हा लोइस म्हणाली, "तू तर नाही ना प्यायलास!" डॉ. सिल्कवर्थनीही कान टोचले. प्रवचनं बंद कर, आधी आजार काय आहे ते सांग, स्वतःची हकीकत सांग.

हे दोन सल्ले मनात घेऊन तो त्या शनिवारी मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत उभा होता. आणि त्याला उमगलं, की आज आपल्याला दुसऱ्या दारुड्याची गरज आहे. त्याला वाचवण्यासाठी नव्हे, स्वतः वाचण्यासाठी.

चर्चच्या यादीतल्या एका पाद्रीबाबांना त्याने फोन लावला. त्यांनी काही नावं दिली. एकेक फोन करता करता तो हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोचला. गुडइयर कंपनीचे संस्थापक फ्रँक सायबरलिंग यांच्या या सूनबाई. सायबरलिंगांचा 'स्टॅन हायवेट हॉल' हा वाडा म्हणजे गावातलं सर्वांत मोठं प्रस्थ. या बाई मुलांना घेऊन त्या वाड्याच्या फाटकाजवळच्या घरात राहत. बिलने आडपडदा न ठेवता सांगितलं, की मी न्यूयॉर्कचा एक दारुडा आहे आणि मला दुसऱ्या दारुड्याशी बोलायचंय. दुसरं कोणी असतं, तर तिने फोन आपटला असता. हेन्रिएटाबाईंना मात्र आपली प्रार्थना फळाला आली असं वाटलं. कारण त्यांच्या ओळखीत तसा एक माणूस होता आणि त्याच्यासाठी त्यांचा जीव तुटत होता.

तो माणूस म्हणजे डॉ. रॉबर्ट स्मिथ. वय पंचावन्न. गावातले शल्यचिकित्सक. योगायोग असा, की तेही मूळचे व्हरमाँटचेच, सेंट जॉन्सबरी गावचे. एवढं एक साम्य सोडलं, तर दोघांत जमावं असं काहीच नव्हतं. बिल हा स्वप्नं विकणारा, बोलघेवडा, क्षणात आकाशात आणि क्षणात पाताळात. डॉक्टर मितभाषी, करडे, कामाला वाघ. न्यायाधीशाच्या घरातले एकुलते एक चिरंजीव. लहानपणी फार कडक शिस्तीत वाढले. डार्टमथ कॉलेजात गेल्यावर लगाम सुटला, तो सुटलाच. पिण्यापायी एक मेडिकल कॉलेज सोडावं लागलं. दुसऱ्यातून १९१० साली कसेबसे डॉक्टर झाले. ॲन रिप्ली या शिक्षिकेशी त्यांचं प्रेम जुळलं होतं, पण लग्न व्हायला सतरा वर्षं गेली.

१९२० साली अमेरिकेत दारूबंदी आली. डॉक्टरांना वाटलं, सुटलो! पण सरकारने औषधासाठी म्हणून डॉक्टरांना दारूची चिठ्ठी देण्याची मुभा ठेवली होती. मग टेलिफोनच्या पुस्तकातलं एखादं नाव उचलायचं, त्या नावाने चिठ्ठी फाडायची आणि बाटली मिळवायची! दिवसा हात थरथरू नयेत म्हणून गुंगीची औषधं घ्यायची, दुपारी चारपर्यंत कसंबसं काम उरकायचं आणि मग घरी जाऊन प्यायचं. बाटल्या कोळशाच्या ढिगात दडवायच्या, तळघरातल्या तुळयांवर ठेवायच्या. बायको शोधायची, हे नव्या जागा शोधायचे. असे दिवस नव्हे, वर्षं गेली. रुग्ण कमी झाले, घर गहाण पडलं. ॲनच्या आग्रहाखातर अडीच वर्षं ते ऑक्सफर्ड ग्रुपच्या बैठकांना नेमाने जात. धर्मग्रंथ वाचत, प्रार्थना करत. आणि घरी येऊन पीत.

हेन्रिएटाबाईंनी त्याच शनिवारी ॲनला फोन केला, डॉक्टरांना आत्ताच्या आत्ता घेऊन ये. पण दुसऱ्या दिवशी मातृदिन होता. त्यानिमित्त डॉक्टरांनी बायकोसाठी फुलझाडाची कुंडी आणली होती. कुंडी टेबलावर होती आणि डॉक्टर शुद्ध हरपून टेबलाखाली. भेट रविवारवर गेली.

रविवारी, १२ मे रोजी, संध्याकाळी पाच वाजता ॲन नवऱ्याला घेऊन आली. डॉक्टरांचं अंग थरथरत होतं, डोकं फुटत होतं. वाटेतच त्यांनी बजावून ठेवलं होतं, पंधरा मिनिटं, त्याच्या वर एक मिनिट थांबणार नाही. जेवणाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. हेन्रिएटाबाईंनी दोघांना पुस्तकांच्या छोट्या खोलीत बसवलं आणि दार ओढून घेतलं.

ते दार उघडलं, तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते.

आत काय घडलं? डॉक्टर तयारीनिशी आले होते. आजवर त्यांना सगळ्यांनी सगळं सांगून झालं होतं. बायकोने रडून सांगितलं होतं, मित्रांनी रागावून, धर्मोपदेशकांनी पापपुण्याच्या भाषेत. दारूने शरीराचं काय होतं, हे तर ते स्वतः शिकून आले होते. आता हा न्यूयॉर्कचा पाहुणा तेच पुन्हा सांगणार, आपण मान डोलावणार आणि घरी जाणार. पण पाहुण्याने उपदेश केलाच नाही. तो स्वतःबद्दल बोलत राहिला. चोरलेले पैसे, मोडलेल्या शपथा, पहाटेची थरथर, बायकोच्या नजरेला नजर न देता येणं. आणि अखेरीस त्याने खरी गोष्ट सांगितली. मी तुमच्यासाठी आलेलो नाही, माझ्यासाठी आलोय. काल संध्याकाळी मी बारच्या दारापर्यंत पोचलो होतो.

या एका गोष्टीने डॉक्टरांचं सगळं अवसान गळालं. ज्याला आपल्याला काही द्यायचं आहे, त्याच्यापासून माणूस स्वतःचा बचाव करू शकतो. ज्याला आपल्याकडून काही हवं आहे, त्याला कसं टाळणार? पुढे डॉक्टरांनी लिहून ठेवलं, की दारूबद्दल स्वतःच्या अनुभवावरून बोलणारा आणि आपली भाषा बोलणारा हा आपल्याला भेटलेला पहिलाच माणूस होता. वर्षानुवर्षं ते सगळ्यांचं ऐकत आले होते. त्या रात्री ते पहिल्यांदा बोलले.

चमत्कार एका रात्रीत झाला, असं मात्र नाही. गोष्टीचा हा भाग सहसा सांगितला जात नाही, पण तोच महत्त्वाचा आहे. जूनमध्ये ॲनच्या सांगण्यावरून बिल डॉक्टरांच्याच घरी, आर्डमोर ॲव्हेन्यूवर राहायला आला. सकाळी लवकर उठायचं, ॲनने काही वाचून दाखवायचं, कॉफी प्यायची, बोलत बसायचं. डॉक्टर पीत नव्हते. सगळं सुरळीत चाललं असताना अमेरिकन मेडिकल असोसिएशनचं अधिवेशन आलं, अटलांटिक सिटीला. डॉक्टर दरवर्षी जात. ॲन घाबरली. बिल म्हणाला, जाऊ द्या, दारू असलेल्या जगातच त्यांना राहायचंय.

डॉक्टरांनी गाडीतच प्यायला सुरुवात केली. काही दिवस त्यांचा पत्ता नव्हता. मग त्यांच्या दवाखान्यातल्या नर्सचा फोन आला. ॲक्रन स्टेशनवरून त्यांना उचलून तिने आपल्या घरी ठेवलं होतं. आणि तीनच दिवसांवर त्यांच्या हातून एक शस्त्रक्रिया व्हायची होती!

बिल आणि ॲन यांनी पाळीपाळीने जागून त्यांना सावरलं. बिल रागावला नाही. दगा दिला, असंही म्हणाला नाही. त्याला दग्याचा अर्थ ठाऊक होता. शस्त्रक्रियेच्या सकाळी डॉक्टरांचे हात थांबेनात. तेव्हा हॉस्पिटलच्या वाटेवर बिलने उतारा म्हणून त्यांच्या हाती बिअरची एक बाटली दिली. (आजचे डॉक्टर असलं काही करू देणार नाहीत. बरीच वर्षं पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली, तर जिवावर बेतू शकतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.)

मग घरी दोघंजण वाट पाहत बसले. तास गेले. शस्त्रक्रिया ठीक झाल्याचं कळलं, पण डॉक्टरांचा पत्ता नाही. पुन्हा गेले की काय? कितीतरी उशिरा ते परतले. शुद्धीत होते. कुठे होते इतका वेळ? ज्यांचे पैसे थकवले, ज्यांना फसवलं, ज्यांना तोंड चुकवत होते, अशा माणसांच्या दारी ते एकेक करून जाऊन आले होते. मी दारुडा आहे, सोडायचा प्रयत्न करतोय, तुमचं देणं फेडीन. इतकी वर्षं प्रतिष्ठा जाईल म्हणून जे गाव सोडून सगळ्यांना माहीत होतं, पण स्वतः कधी उच्चारलं नव्हतं, ते त्यांनी एका दिवसात अनेकांना सांगून टाकलं. सकाळची ती बिअर ही त्यांची शेवटची दारू. तो दिवस १० जून १९३५चा मानला जातो. 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' म्हणजे 'एए' या संघटनेचे जगभरातले सभासद हाच आपला स्थापनादिन समजतात. त्या दिवशी संघटनेला नाव नव्हतं, नियम नव्हते, कार्यालय नव्हतं. सभासद दोन.

तिसरा लवकरच मिळाला. डॉक्टरांनी हॉस्पिटलात फोन करून विचारलं, तुमच्याकडे एखादा दारुडा आहे का, आम्हाला एक उपाय सापडलाय. नर्स त्यांना चांगली ओळखत होती. तिने विचारलं, तो उपाय आधी स्वतःवर करून पाहिला असेलच ना? डॉक्टर म्हणाले, हो, पाहिलाय! खाटेला बांधून ठेवलेला एक वकील होता. त्याने दोन नर्सना मारहाण केली होती. ही दोन उंच माणसं जाऊन त्याच्या खाटेशी बसली आणि स्वतःच्या फजित्या सांगू लागली. ४ जुलैला तो वकील बायकोबरोबर घरी गेला, तो पुन्हा प्यायला नाही.

उन्हाळा संपल्यावर बिल न्यूयॉर्कला परतला. तिथून पुढे पंधरा वर्षं ही मैत्री पत्रं, फोन आणि रेल्वेगाडी यांच्या भरवशावर टिकली. दोघांचे स्वभाव काही बदलले नाहीत. १९३७ साली त्यांनी हिशेब मांडला, तर दोन्ही गावांत मिळून चाळीसेक माणसं टिकून होती. झालं, बिलच्या डोळ्यांपुढे स्वप्नांचे इमले उभे राहिले! आपली हॉस्पिटलं काढू, पगारी प्रचारक नेमू, पुस्तक काढू. डॉक्टरांचा कल नेहमी साधेपणाकडे. ॲक्रनच्या मंडळींत या योजनेवर मतदान झालं, तेव्हा ती कशीबशी निसटत्या बहुमताने संमत झाली. बिलने धनाढ्य जॉन रॉकफेलर (धाकटे) यांच्याकडे हात पसरले. त्यांनी पाच हजार डॉलर दिले आणि सांगून पाठवलं, याहून जास्त पैसा या कामाचा नाश करील. त्या रकमेतून आधी डॉक्टरांच्या घराचं गहाण सुटलं. उरलेल्या पैशांतून दोन्ही घरांच्या चुली काही दिवस पेटत्या राहिल्या.

बिलच्या स्वप्नांपैकी पुस्तकाचं स्वप्न तेवढं खरं झालं. १९३९ साली ते निघालं आणि संघटनेला नावही त्यातूनच मिळालं. बारा पायऱ्यांचा कार्यक्रम त्यात आहे. आपण हतबल आहोत, ही कबुली पहिल्या पायरीवर आणि हा निरोप दुसऱ्या दारुड्यापर्यंत पोचवायचा, ही शेवटच्या पायरीवर. म्हणजे त्या खोलीतली सहा तासांची भेटच जणू पायऱ्या पाडून मांडली आहे. १९४१ साली 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट' या खपाच्या साप्ताहिकात लेख आला आणि पत्रांचा पाऊस पडला.

डॉक्टर तोवर वेगळ्याच कामाला लागले होते. ॲक्रनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये सिस्टर इग्नेशिया या जोगिणीच्या मदतीने त्यांनी दारुड्यांसाठी खाटा मिळवल्या. पुढच्या काही वर्षांत सुमारे पाच हजार रुग्ण त्यांनी पाहिले आणि एकाकडूनही फी घेतली नाही. बिल देशभर फिरला, लिहीत राहिला, संघटनेची घडी बसवत राहिला. न्यूयॉर्कचा बोलका आणि ॲक्रनचा अबोल. एकाने दुसऱ्याला पंख दिले, दुसऱ्याने पहिल्याचे पाय जमिनीवर ठेवले.

या दोघांना संत करून टाकण्याचा मोह होतो. पण ते संत नव्हते. पिणं सोडल्यावर पहिली अडीच वर्षं डॉक्टरांना दारूची आठवण छळत राहिली. बिलला तर १९४४पासून दहाएक वर्षं खोल नैराश्याने ग्रासलं. जगाला आशा देणारा हा माणूस कित्येक दिवस स्वतः टेबलावर डोकं टेकून बसून राही. सिगारेटचं व्यसन तर त्याला अखेरपर्यंत सुटलं नाही, त्यातूनच फुप्फुसांचा विकार जडला. आणि या सगळ्या कथेत लोइस आणि ॲन कुठे आहेत, असं एखादी वाचक भगिनी विचारील, तर तिचं बरोबरच आहे. सतरा वर्षं जिने झिजून काढली, तिच्याने जे झालं नाही, ते एका परक्या दारुड्याच्या बोलण्याने व्हावं, याचा लोइसला रागही आला होता. एकदा तर तिने संतापून नवऱ्याच्या अंगावर बूट फेकला होता. त्या रागाचा तिने पुढे विचार केला, आणि दारुड्यांच्या घरच्या माणसांनाही एकमेकांची गरज असते, हे ओळखून १९५१ साली 'अल-ॲनॉन' ही वेगळी संघटना उभी केली. कुटुंबाच्या प्रेमात काही कमी नव्हतं. पण बुडणाऱ्याला काठावरची हाक आणि त्याच पाण्यात बुडून वर आलेल्याची हाक सारखी ऐकू येत नाही, एवढंच.

या संघटनेत सभासद आपलं आडनाव सांगत नाही. फी नाही, हजेरी नाही, साहेब नाही. बाहेरच्यांकडून देणगी घ्यायची नाही. येल विद्यापीठाने १९५४ साली सन्माननीय पदवी देऊ केली, ती बिलने नाकारली. भारतात ही चळवळ १९५७ साली मुंबईत सुरू झाली आणि आज मराठीतूनही तिच्या सभा भरतात. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधारे १९८६ साली 'मुक्तांगण' सुरू केलं. तिथंही बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते झाले. नव्याने आलेला, चिडलेला, थरथरणारा माणूस समोरच्याला विचारतो, "तुम्हाला काय कळणार?" आणि समोरचा म्हणतो, "मी याच खाटेवर होतो." तिथून बोलणं सुरू होतं. २०२० साली 'कोक्रेन' या वैद्यकीय संशोधनाची छाननी करणाऱ्या संस्थेने दहा हजारांहून अधिक रुग्णांवरचे २७ अभ्यास तपासले. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत माणसाला 'एए'कडे नेणारे उपचार इतर मान्य उपचारांच्या तोडीचे, कित्येकदा सरसही, ठरले. सगळ्यांनाच याने गुण येतो असं नाही. पण जो येतो, त्याचं मूळ त्या पुस्तकांच्या खोलीत आहे.

जून १९४९मध्ये ॲन गेली. डॉक्टरांना तोवर कर्करोगाने घेरलं होतं. सभासदांनी दोघांचं भव्य स्मारक बांधायची टूम काढली. डॉक्टरांनी ती मोडून काढली. चार माणसांना जसं पुरतात, तसंच आम्हालाही पुरा. ॲक्रनच्या दफनभूमीतल्या त्यांच्या दगडावर नाव आणि सनावळी आहे. 'एए'चा उल्लेखही नाही.

१९५०च्या शरद ऋतूत बिल ॲक्रनला आला. आपल्यामागे संघटनेचा कारभार सभासदांच्याच प्रतिनिधींकडे सोपवावा, या योजनेला त्याला डॉक्टरांची संमती हवी होती. शरीर पार खंगलं होतं, तरी डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि होकार दिला. निरोप घेऊन बिल पायऱ्या उतरला आणि त्याने मागे वळून पाहिलं. डॉक्टर दारात उभे होते, नेहमीसारखे ताठ. त्यांनी एवढंच सांगितलं, की या कामाचा विचका होऊ देऊ नकोस, साधंच राहू दे. ती दोघांची अखेरची भेट. १६ नोव्हेंबर १९५० रोजी डॉक्टर गेले. बिल त्यानंतर वीस वर्षं जगला. २४ जानेवारी १९७१ रोजी, त्याच्या आणि लोइसच्या लग्नाच्या त्रेपन्नाव्या वाढदिवशी, तोही गेला.

आपल्या प्रत्येकाच्या घरात, नात्यात, शेजारी एखादा पन्नाशीचा गृहस्थ असतो. तो पीत असेलच असं नाही. नोकरीत मागे पडलेला असेल, धंद्यात बुडालेला असेल, मुलांशी त्याचं बोलणं तुटलेलं असेल. संध्याकाळी तो खुर्चीत बसून असतो आणि कोणी विचारलं तर "मजेत" म्हणतो. त्याला उपदेश करणारे पुष्कळ असतात. पण त्याच्यापाशी जाऊन "माझंही काही खरं नाही, जरा बसू या का?" असं विचारणारा क्वचितच मिळतो. त्यासाठी विचारणाऱ्याला आधी स्वतःचं "मजेत" बाजूला ठेवावं लागतं. ते फार अवघड आहे. पण सुरुवातीला पंधरा मिनिटं पुरतात.